बालसभासद नंबर त्रेसष्ट

मार्च महिना म्हणजे संघाच्या कचेरीत याद्यांचा महिना. औरंगपुऱ्यात एका कापडदुकानाच्या माडीवर दोन खोल्यांत 'आंतरराष्ट्रीय बालकल्याण संघ, औरंगाबाद शाखा' होती. पोलीस ॲक्शनला दहा वर्षं उलटली होती, राज्यं दोनदा बदलली होती, पण जिन्यावरची उर्दू पाटी काढायला कोणाला सवड झाली नव्हती. त्या पाटीखालून रोज सकाळी दहाच्या ठोक्याला द्वारकाबाई वर चढायच्या, खिडकी उघडायच्या, टेबल पुसायच्या आणि रजिस्टर काढून रेघा मारायला बसायच्या.

वय चाळीस. अंगावर पांढरं पातळ, कपाळ मोकळं. नवव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी कुंकू पुसलं. पुढची वीस वर्षं भावाच्या घरी फुलंब्रीला धुणी, भांडी, शेणकूट. पोलीस ॲक्शननंतर बायकांचे शिक्षणाचे वर्ग निघाले तेव्हा ही बाई तिशी ओलांडून पाटी घेऊन बसली, सातवी पास झाली आणि संघात कारकून म्हणून लागली. अक्षर मोत्यासारखं. बोलणं मोजून. हसताना त्यांना शाखेत कोणी पाहिलं नव्हतं आणि रडतानाही नाही. लोक म्हणत, बाई मोठी शांत आहे. लोकांना काय, गप्प माणूस दिसलं की ते त्याला शांत म्हणून मोकळे होतात.

संघाची मुख्य कचेरी सातासमुद्रापलीकडे. तिथून छापून आलेल्या नियमांत सभासदांचे पाच वर्ग होते. सर्वांत वर आश्रयदाते. त्यांची नावं भिंतीवरच्या फळ्यावर सोनेरी अक्षरांत. त्याखाली आजीव सभासद, मग साधारण सभासद, मग नवरा-बायको-मुलं एकाच अर्जावर घेणारा कुटुंब सभासद हा वर्ग, आणि सगळ्यांत शेवटी बालसभासद, म्हणजे चौदा वर्षांखालची मुलं-मुली. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती शेवटच्या पानावर. असो. आपल्या घरच्या पंगतीत तरी काय वेगळं असतं?

बालसभासदाला एक पितळी बिल्ला मिळे, गोष्टींची पुस्तकं मिळत आणि दर शनिवारी पेलाभर दूध मिळे. दूध परदेशी भुकटीचं, पण गरम आणि गोड. शनिवारी जिना पोरांच्या गलक्यानं भरून जायचा.

इथवर सगळं ठीक होतं. पण सहा वर्षांपूर्वी शाखेच्या बैठकीत एका आजीव सभासदानं शंका काढली. "अहो, आपल्या इथं पोरींची लग्नं बाराव्या-तेराव्या वर्षी होतात. लग्न झालेल्या बाईला बालसभासद म्हणायचं? उद्या ती पोटुशी होऊन दुधाच्या रांगेत उभी राहिली तर बरं दिसंल का?" सगळे हसले. बरं दिसणार नाही यावर एकमत झालं. ठराव लिहिला गेला: 'विवाहित मुलीस प्रौढ समजून तिचे नाव बालवर्गातून कमी करावे.' चहा यायच्या आत ठराव मंजूर. मुलाचं काय, तो तेराव्या वर्षी बोहल्यावर चढला तर, असं कोणी विचारलं नाही, म्हणून तो बालच राहिला. आता बोला! मुलांच्या कल्याणासाठी जमलेली शहरातली शहाणी, शिकली-सवरली माणसं ही. पोरीचं लग्न लवकर होतं याची त्यांना लाज वाटली नाही. लाज वाटली ती तिला पोर म्हणायची.

तो ठराव द्वारकाबाईंनीच सुवाच्य अक्षरांत उतरवला होता. तेव्हापासून दर मार्चला त्या लाल शाईची दौत काढायच्या आणि वर्षभरात लग्न झालेल्या पोरींची नावं एकेक करून काटायच्या. नावापुढं शेरा लिहायचा, 'प्रौढ'. सहा वर्षांत सतरा नावं. हात एकदाही थांबला नाही.

त्या दिवशी दुपारी तात्यासाहेब वर आले. तात्यासाहेब शाखेचे अध्यक्ष. फुलंब्रीकडे मोठी जमीन, शहरात घर, डोक्याला कोशा फेटा, आणि फळ्यावर आश्रयदात्यांत पहिलं नाव. ते खुर्चीवर बसले, फेटा काढून गुडघ्यावर ठेवला आणि तोंडभर हसले.

"द्वारकाबाई, तोंड गोड करा. आता तुम्ही आम्ही सोयरे झालो."

"काय म्हणता?"

"तुमच्या भावानं होकार दिला. तुमची दगडी आमच्या पुंजारामला. एप्रिलात दहा तारखेला लगीन, फुलंब्रीलाच."

दगडी म्हणजे बद्रीनाथची, द्वारकाबाईंच्या थोरल्या भावाची मुलगी. तिच्याआधीची तीन लेकरं पाळण्यातच गेली, म्हणून चौथीचं नाव दगडी ठेवलं, निदान दगडासारखी टिकेल. टिकली. दोन वर्षांपासून ती शहरात आत्याकडे राहून शाळेत जात होती, चौथीत होती. वय अकरा. पुंजाराम म्हणजे तात्यासाहेबांचा पुतण्या, वय अठ्ठावीस, बिजवर.

"बरं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"एवढंच? अहो, आनंद झाला म्हणा की."

"झाला."

तात्यासाहेब उठले आणि रजिस्टरावर बोट ठेवून म्हणाले, "आणि हे पाहा, यादी एकतीस तारखेला वर जाणार. लगीन एप्रिलात. मंग काय, वर्षभर आमची सून तुमच्या पोरांच्या यादीत राहणार? आत्ताच करून टाका. बालवर्गातून कमी करा आणि पुंजारामच्या नावाचा कुटुंब सभासदाचा अर्ज भरा. पत्नी म्हणून तिचं नाव टाका. वयाचा रकाना मोकळा ठेवा, मी पाहतो."

"बरं," द्वारकाबाई पुन्हा म्हणाल्या.

ते खाली उतरले. बाईंनी लाल शाईची दौत उघडली, टाक बुडवला आणि पान काढलं. नंबर त्रेसष्ट. दगडी बद्रीनाथ, मुक्काम फुलंब्री. खाली दोन वर्षांपूर्वीचा अर्ज डकवलेला. वडिलांची सही, आणि जन्माच्या रकान्यात बद्रीनाथनं सांगितलं तसं लिहिलेलं: 'पोलीस ॲक्शनच्या वेळी एक वर्षाची.' आपल्याकडे सगळ्यांची वयं अशीच. जन्मतारीख कोणाला ठाऊक नसते, पण त्या सप्टेंबरात कोण रांगत होतं आणि कोण पोटात होतं ते गावभर पाठ असतं. रझाकारांच्या भीतीनं बद्रीनाथ ह्याच पोरीला टोपलीत घालून दोन दिवस तुरीत लपला होता.

शेरा लिहायच्या आधी बाईंनी मागची पानं चाळली, मागचे शेरे कुठं लिहिले ते जुळवून घ्यायला. ही त्यांची नेहमीची रीत. अठ्ठाविसाव्या नंबरवर बोट थांबलं. सोजर, मुक्काम पडेगाव. नावावर लाल रेघ. प्रौढ.

सोजर पुंजारामची पहिली बायको. तेराव्या वर्षी लग्न. एका शनिवारी ती जिना चढून आली होती, आठवा महिना, एका हातानं कठडा धरलेला. पोरांच्या मागं रांगेत उभी राहिली. पाळी आली तेव्हा म्हणाली, "बाई, मला बी एक गिलास मिळंल का? लई भूक लागती."

"तुझं नाव कमी झालंय, सोजर. तू आता मोठ्यांत."

"बरं," असं म्हणून पोर खाली उतरली. वाद घातला नाही. तिला वाटलं असेल, वहीत असंच असेल तर असंच असणार. महिन्याभरानं बाळंतपणात गेली, चौदा पुरी व्हायच्या आत. मूल सहा दिवस जगलं. बातमी आली तेव्हा द्वारकाबाई रेघाच मारत होत्या. मारत राहिल्या.

आज टाकावरची शाई वाळून गेली. बाईंनी पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली. रागबीग काही आला नव्हता, खरंच सांगते, काहीच वाटत नव्हतं. छातीत नुसतं रिकामं होतं, गेली अठ्ठावीस वर्षं होतं तसंच. फक्त हात पुढं जाईना. शेवटी त्यांनी दौतीचं बूच लावलं, रजिस्टर पिशवीत घातलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा पाचाच्या आधी कचेरीला कुलूप लावलं.

घरी आल्या तर बद्रीनाथ आणि चतुराबाई आलेले. दगडी आईच्या मांडीला खेटून बसलेली, डोळे चमकत होते.

"आत्या, मला पिवळं पातळ घेणारेत! आणि नथ! अन् बँड बी हाय, शहरातला!"

"जा, हौदावरनं पाणी आण," आत्या म्हणाली. पोर कळशी घेऊन उड्या मारत गेली.

"दादा, मला विचारलं नाय," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तुला काय इचारायचं?" बद्रीनाथ म्हणाला. मनानं वाईट नव्हता तो. बहिणीला घरात ठेवून घेतलं, शिकू दिलं, लोकांची बोलणी खाल्ली. "असं ठिकाण पुन्हा येणार हाय का? देणं नाय, घेणं नाय, ते स्वतःहून उंबऱ्यात आले. नाय म्हणलो तर तोंड कुठं दाखवू? परीक्षा झाली की पोरीला घेऊन जातो."

"सोजरचं काय झालं, ठाऊक हाय ना?"

चतुराबाई पदराच्या टोकाशी चाळा करत हळूच म्हणाली, "ती मुळातच लई नाजूक होती म्हणत्यात, वन्सं. आपली दगडी धट्टीकट्टी हाय. मोठ्या घरात पोटभर खाईल तरी."

"वैनी, सोजर तेराची होती. दगडी अकराची हाय."

"अगं, मंग आपल्यात काय पोरी इसाव्या वर्षी दिल्या का कधी?" बद्रीनाथचा आवाज चढला. "तुझं लगीन नवव्या वर्षी झालं. मेलीस का तू?"

"व्हय," द्वारकाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथला ते नीट ऐकूच आलं नसावं, किंवा आलं आणि कळलं नसावं. तो आपला बोलत राहिला, मांडव कुठं घालायचा, वराकडचे पाहुणे किती, तात्यासाहेबांचा मान कसा करायचा. चतुराबाईनं मात्र नणंदेकडं पाहिलं आणि मग खाली पाहिलं. तिला कळलं होतं. पण कळून ती करणार काय? आपल्या बायकांना कळतं पुष्कळ, फक्त ते तोंडातून बाहेर काढायची रीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी द्वारकाबाई कचेरीत न जाता नानासाहेब वकिलांकडे गेल्या. नानासाहेब सत्तरीचे. निजामाच्या कोर्टात उर्दूत वकिली केलेले, आता मराठी-इंग्रजीत चाचपडत करत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं ऐकलं.

"आमच्या वक्ताला हा कायदाच आपल्या मुलुखात नव्हता, बाई. आता हाय. पंधराच्या आत पोरीचं लगीन लावता येत नाय, आणि कोर्ट आधीच मनाई हुकूम देऊ शकतं. पण वय साबित कसं करणार? गावात विचारलं तर उद्या सगळे शपथेवर अठरा सांगतील. जन्माचा दाखला हाय?"

"नाय. हे हाय." त्यांनी रजिस्टर उघडून समोर धरलं.

नानासाहेबांनी अर्ज वाचला. बापाची सही पाहिली. त्याखाली छापील ओळ होती, प्रत्येक बालसभासदाच्या अर्जावर असायची: 'सदर मूल चौदा वर्षांखालील असल्याची मी स्वतः खात्री करून घेतली आहे.' त्याखाली ठसठशीत सही. तात्यासाहेब. अध्यक्ष.

म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "या अल्ला! हा दस्तखत त्यांनी वाचला तरी होता का?"

"अर्ज गठ्ठ्यानं पुढं ठेवायची मी. ते सही करायचे."

"आणि ह्याच नावावर तुम्हाला लाल रेघ मारायला सांगितली?"

"व्हय. शेरा लिहायला. प्रौढ."

नानासाहेबांचं हसू गेलं. "बाई, काल तुम्ही तो शेरा लिहिला असता ना, तर आज माझ्या हातात काही नव्हतं. बालवर्गातून कमी, प्रौढ, कारकुनाच्या हातची नोंद. वयाचा मामलाच खतम." त्यांनी कोरा कागद पुढं ओढला. "दरखास्त कोणाच्या नावानं?"

"माझ्या."

"सख्ख्या भावाच्या विरुद्ध? माहेर तुटंल. तुम्हाला दुसरं घर तरी हाय का?"

"नाय."

"मंग विचार करा. दोन दिवस घ्या."

"लिहा तुम्ही," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज भाजी निवडताना असावा तसा होता. नानासाहेबांना वाटलं, बाई भलतीच धीराची आहे. धीर कसला? ज्याचं घर एकदा पुसलं गेलंय त्याला माहेर तुटण्याची भीती उशिरा कळते. ती नंतर कळणारच होती.

एकतीस तारखेला द्वारकाबाईंनी आधीच उतरवून ठेवलेल्या नोंदींवरून यादी तयार केली. पाच वर्ग, पाच पानं. बालसभासदांच्या पानावर त्यांनी गेल्या सहा वर्षांत काटलेली सतराही नावं पुन्हा लिहिली, नाव कमी झालं तेव्हाची वयं घातली, आणि शेऱ्याच्या रकान्यात काळ्या शाईत खरं ते लिहिलं. 'विवाहित, वय बारा.' 'विवाहित, वय तेरा, एक मूल.' सोजरच्या नावापुढं: 'मृत. बाळंतपणात. वय तेरा.' शेवटी एक ओळ जोडली, की ही नावं शाखेच्या ठरावानं कमी केली होती आणि ती कमी करणारा हात माझा. सही केली आणि पाकीट पोस्टात टाकून आल्या.

परत येतात तो तात्यासाहेब माडीवर हजर. कोर्टाची नोटीस त्यांच्या घरी पोचली होती.

"हे काय चालवलंय, द्वारकाबाई?"

"नाव कमी केलं नाय, साहेब."

"नावाचं सोडा! मला, मला कोर्टात ओढता? ज्या संघाचं मीठ खाता त्याच्या अध्यक्षाला? अहो, तुमच्याच भाचीचं सोनं करू राहिलो होतो मी!"

"सोजरचं काय केलं, साहेब?"

तात्यासाहेबांचा चेहरा उतरला, पण लगेच सावरला. "ती देवाची मर्जी. आमच्या घरात तिला काय कमी होतं?"

"एक गिलास दूध. पण ते आमच्याकडंच कमी होतं. मीच नाय म्हणले तिला. तुमचा ठराव, माझा हात."

"तुम्ही बाईमाणूस, म्हणून गप्प बसतो. उद्यापासून येऊ नका."

"बरं."

"आणि ते रजिस्टर इथं ठेवून जा."

"ते कोर्टात जमा हाय," द्वारकाबाई म्हणाल्या, टेबल पुसलं, खिडकी लावली, किल्ली त्यांच्या फेट्याशेजारी ठेवली आणि जिना उतरून गेल्या.

सहा एप्रिलला तारीख लागली. मॅजिस्ट्रेट तरुण होता, मुंबईकडून बदलून आलेला, त्याला मराठवाडी बोली निम्मी कळत नसावी. पण सही कळली. त्यानं रजिस्टर तात्यासाहेबांपुढं सरकवलं आणि एकच विचारलं, "ही सही आपली?"

कोर्टात निम्मं फुलंब्री लोटलं होतं. तात्यासाहेब पाहत राहिले. नाही म्हणावं, तर परदेशात पाठवलेले सगळेच कागद खोटे आणि फळ्यावरचं सोनेरी नाव गेलं. हो म्हणावं, तर पोर मूल ठरली. त्यांनी कपाळ पुसलं.

"माझीच."

मुलीला पंधरा पूर्ण होईपर्यंत तिचं लग्न कोणी लावू नये, असा मनाई हुकूम झाला. सगळं मिळून पाव तासात संपलं.

बाहेर लिंबाखाली बद्रीनाथ उभा होता. डोळे तांबडे. "द्वारके, पोटच्या पोरीसारखं सांभाळलं तुला. त्याचं हे पांग फेडलंस? मांडवाचे वासे उभे राह्यले होते दारात. सगळ्या गावात माझं नाक कापलंस. आजपासून तू मला मेली अन् मी तुला. भाऊबीजेला दाराशी येऊ नको. तुझं सुतकसुद्धा धरणार नाय मी."

द्वारकाबाई ऐकत राहिल्या. आता काही वाटेल, आता वाटेल, म्हणून त्या वाट पाहत होत्या. काही वाटलं नाही.

बद्रीनाथ पाय आपटत मोटारीच्या अड्ड्याकडं चालू लागला. चतुराबाई दगडीचा हात धरून मागं निघाली. चार पावलं गेली, थांबली, वळली आणि पोरीचा हात नणंदेच्या हातात दिला. नवऱ्याच्या पाठीकडं पाहत ती घाईघाईनं पुटपुटली, "इथंच ठेवा, वन्सं. घरी नेली तर हे अजिंठ्याकडं कुठंतरी गुपचूप उरकतील. मी सांगते त्यांना, परीक्षा राह्यलीय म्हणून." परीक्षा तर आठ दिवसांपूर्वीच झाली होती. उभ्या जन्मात चतुराबाई नवऱ्याला सांगणार होती ते हे पहिलं खोटं. मग पदर पुढं ओढून ती नवऱ्यामागं पळाली.

वाचकहो, इथं मी गोष्ट संपवली असती तर तुम्ही सुखानं पान उलटलं असतं. पोर वाचली, बाई जिंकली, टाळ्या. पण घरात काय झालं तेही ऐका.

दगडी आत्याशी बोलेना. ना जेवण धड, ना वेणी घालून घेणं. पिवळं पातळ गेलं, नथ गेली, शहरातला बँड गेला. गल्लीत पोरी चिडवायच्या, मोडलेली नवरी म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं पाण्याचा तांब्या अंगणात भिरकावला.

"माझं लगीन मोडलंस तू! तू वाईट हायेस. सगळे म्हणत्यात. तुला नवरा नाय म्हणून तुला कुणाचंच बघवत नाय!"

"व्हय, मोडलं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्या ओसरीवर पाटी घेऊन बसल्या होत्या. पाटीवर सोळा नावं होती. सोजर सोडून उरलेल्या सोळाजणी. कोण फुलंब्रीत नांदत होती, कोण पडेगावात, एक तर दोन गल्ल्या सोडून. कचेरी गेली होती, पण चार घरची शिकवणी मिळाली होती आणि सकाळच्या वेळा मोकळ्या होत्या. रोज एका दारी जायचं त्यांनी ठरवलं होतं. जाऊन काय करायचं ते अजून नीट ठरलं नव्हतं. आधी माफी मागायची, पोर कशी आहे ते पाहायचं, आणि तिच्या पाठच्या बहिणी किती वर्षांच्या आहेत ते विचारायचं.

दगडी फणकाऱ्यानं कोपऱ्यात जाऊन बसली. बराच वेळ नुसतं मुसमुसणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं. पोरच ती. राग तरी किती वेळ धरणार? हळूहळू सरकत ती ओसरीच्या खांबापाशी आली.

"आत्या, तुझं लगीन झालं तवा तू केवढी होतीस?"

"नऊ वर्षांची."

"माझ्याहून बारीक?"

"व्हय."

"बँड होता?"

"ताशा होता. मी झोपले होते. मला उचलून नेलं बोहल्यावर."

दगडीनं नाक पुसलं. काहीतरी जुळवत असावी तशी ती आत्याकडं पाहत राहिली, पांढऱ्या पातळाकडं, मोकळ्या कपाळाकडं.

"मंग तुझं लगीन कुणी काहून नाय मोडलं?"

द्वारकाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. कोणीतरी असेल, म्हणून त्या आठवायला लागल्या. आई होती, ती रडत होती. आजी होती. भटजी होते, मास्तर होते, वऱ्हाडात दोनशे माणसं जेवली होती. एकेक चेहरा त्यांनी शोधून पाहिला.

"कोणी नव्हतं गं," त्या म्हणाल्या. "कोणीच नव्हतं." आणि पाटी मांडीवरून घसरली, आणि ज्या बाईला कोणी कधी रडताना पाहिलं नव्हतं, ती चाळीस वर्षांची बाई तोंडात पदर कोंबून नऊ वर्षांच्या पोरीसारखी हमसाहमशी रडायला लागली.

दगडी घाबरली. मग ती जवळ आली आणि आत्याच्या पाठीवरून, आई फिरवायची तसा, हात फिरवू लागली.

"नको रडू, आत्या," ती म्हणाली. "मी असते तर मोडलं असतं."